वाहनांच्या बिनतारी संवादात पहिली जागा ट्रॉलीला द्यावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रस्त्यावरच्या गाड्यांनी बिनतारी लहरींवर एकमेकींना आपला ठावठिकाणा आणि वेग कळवत राहावे, पुढच्या गाडीने ब्रेक दाबला की मागच्या चालकाला ते डोळ्यांना दिसण्याआधी समजावे, अशी यंत्रणा आपल्याकडे आणण्याचा विचार केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयात सुरू असल्याच्या बातम्या गेल्या काही काळापासून वाचायला मिळत आहेत. या बातम्यांसोबत जी चित्रे छापली जातात, त्यांत चकचकीत मोटारी, सहापदरी रस्ते आणि उंच इमारती असतात. कापसाने भरलेली ट्रॉली, दुधाच्या कॅना लावलेली मोटारसायकल किंवा अंधारात घराकडे निघालेली बैलबंडी त्या चित्रांत मला अजून दिसलेली नाही. मी यवतमाळ जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील कापूस पिकविणारा शेतकरी आहे. माझ्याकडे एक ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली आहे, आणि वर्षातले चार महिने या दोहोंना घेऊन मला महामार्गावर यावेच लागते. माझे म्हणणे एवढेच आहे की, ही यंत्रणा आणायची असेल तर तिची सुरुवात महागड्या नव्या मोटारींपासून न करता, ज्या वाहनाला मागून धडक बसते त्या वाहनापासून करावी.

हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यावर, लवकर नंबर लागावा म्हणून आम्ही पहाटे चारच्या सुमारास भरलेली ट्रॉली घेऊन निघालो. सर्व्हिस रोड एका पुलाजवळ संपतो आणि तिथून पुढे मुख्य रस्त्यावर चढावे लागते. चढून शंभर-दीडशे मीटर गेलो असू, तोच ट्रॉलीचे डाव्या बाजूचे चाक बसले. कडेला जेवढी जागा होती तेवढी घेतली, तरी ट्रॉलीचा निम्मा भाग डांबरावरच राहिला. मुलाने चाकाला दगड लावले, मी कडुनिंबाच्या फांद्या तोडून ट्रॉलीच्या मागे वीस पावलांवर टाकल्या आणि मोबाइलची बॅटरी हलवत उभा राहिलो. ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा बंद होता. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत जाणारी वायर पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) वाहताना तुटली होती आणि ती जोडून घेणे मी आठवड्यावर आठवडा पुढे ढकलत होतो. फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या पत्र्यावर, लावलेले रेडियम होते, पण कापूस फाळक्याच्या वर चढवून जाळी आणि काळी ताडपत्री आवळली की ती खाली लोंबते आणि रेडियम पूर्ण झाकून टाकते. शेजारच्या गावचा एक तरुण दूध घेऊन मोटारसायकलने येत होता. माझ्या हातातला उजेड त्याला दिसला असावा, कारण त्याने गाडी वळवली, पण मला चुकवून तो थेट ट्रॉलीच्या कोपऱ्यावर गेला. त्याच्या मांडीचे हाड मोडले. दोन्ही कॅना फुटल्या आणि ट्रॉलीतून सांडलेला कापूस दुधात भिजून डांबराला चिकटला. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “काका, मले काईच दिसलं नाही, येकदम भितच आली समोर.” त्याच्या पायात आजही सळई आहे. मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम वाहन रस्त्यात धोकादायक स्थितीत सोडण्यास मनाई करते, हे मला नंतर कळले, पण कायदा माहीत असता तरी त्या रात्री बसलेले चाक हलले नसते. तुटलेली वायर मात्र माझीच चूक होती, आणि ती मी इथे लपवीत नाही.

त्या रात्रीनंतर मी या विषयावर जमेल तेवढे वाचत आलो. यंत्रणेचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक वाहनात एक छोटी पेटी असते. उपग्रहांकडून मिळालेले स्वतःचे स्थान, वेग, दिशा, ब्रेक दाबला आहे की नाही आणि वाहनाचा आकार एवढी माहिती ती सेकंदाला साधारण दहा वेळा आपल्या आसपास पसरवते. जगात बहुतेक ठिकाणी यासाठी ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात आणि मोकळ्या रस्त्यावर तो संदेश सुमारे तीनशे मीटरपर्यंत भरवशाने पोचतो. मागून येणाऱ्या गाडीतली पेटी तो वाचते, दोन्ही वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदतात का याचा हिशेब करते आणि धोका असेल तरच चालकाला इशारा देते. आता आमच्या रस्त्यावरचा हिशेब पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. डीपरवर लावलेल्या दिव्यांत बिनादिव्याची काळपट वस्तू पन्नास-साठ मीटरवर आली म्हणजे ओळखू येते. ती ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे तीस-चाळीस मीटर तिथेच संपतात, आणि ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरावरही गाडी थांबायला आणखी चाळीसेक मीटर लागतात. धडक टळायला जागा उरतच नाही. तीच माहिती तीनशे मीटरवरून मिळाली तर उभ्या ट्रॉलीपर्यंत पोचायला तेरा सेकंद हातात असतात. तेरा सेकंदांत माणूस घाबरून नव्हे, विचार करून गाडी हळू करू शकतो.

आपल्या देशाला हे तत्त्व अनोळखी नाही, आणि ते आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने एकमेकांवर आदळून ३४९ माणसे मरण पावली. त्यानंतर भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. या यंत्रणेत विमाने जमिनीवरच्या नियंत्रकाची वाट न पाहता थेट एकमेकांना विचारतात आणि उत्तर देतात. रस्त्यावर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले दोन-तृतीयांशांहून अधिक मृत्यू ग्रामीण भागातले होते, मृतांत दुचाकीस्वारांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते आणि एकूण अपघातांत साधारण पाचवा हिस्सा मागून बसलेल्या धडकेचा होता. हे तीन आकडे एकत्र ठेवून पाहिले की मला माझी ट्रॉली आणि ती मोटारसायकलच दिसते.

कोणी म्हणेल की नव्या गाड्यांत कॅमेरे येत आहेत, मग रेडिओ कशाला? आमच्या नागपुरातच २०२१ मध्ये ‘आयरास्ते’ या नावाने प्रकल्प सुरू झाला आणि त्यात शहर बसगाड्यांवर कॅमेऱ्याच्या आधाराने चालकाला इशारा देणारी साधने बसविण्यात आली. ते काम मोलाचेच आहे. तथापि कॅमेऱ्याला जे दिसते तेवढेच तो सांगू शकतो, आणि आमच्याकडे न दिसण्याचीच कारणे अधिक आहेत. पौष-माघात नदीकाठच्या रस्त्यांवर सकाळी आठपर्यंत धुई (धुके) उतरत नाही. चैत्र-वैशाखात शेतकरी धुरे (बांध) पेटवतात आणि वारा फिरला की तो धूर आडवा रस्त्यावर येऊन बसतो. धुई, धूर, काळी ताडपत्री यांतले काहीही या लहरींना अडवीत नाही. सुक्या कापसाच्या गठ्ठ्यातूनही त्या जातात. ट्रॉलीचा पत्रा त्यांना अडवतो हे खरे, म्हणून अँटेना फाळक्याच्या वर, हातभर उंचीच्या दांड्यावर असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट आमच्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. ही यंत्रणा मोबाइलच्या टॉवरवर अवलंबून नाही. पेटी थेट पेटीशी बोलते. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थान दाखविणारे उपकरण आणि आपत्कालीन बटण सक्तीचे झाले आहे आणि पुष्कळांचा असा समज आहे की तेच हे उपकरण. तसे नाही. ते सिमकार्डावर चालते आणि गाडी कुठे आहे हे दूरच्या नियंत्रण कक्षाला कळवते. जिथे रेंज नाही तिथे ते माहिती साठवून ठेवते आणि रेंज आली की पाठवते. मागून येणाऱ्या ट्रकला ते काहीच सांगत नाही. मेळघाटात, झरी-जामणीच्या आतल्या रस्त्यांवर किंवा गडचिरोलीच्या जंगलात रेंज येते-जाते हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तिथे थेट बोलणारीच पेटी उपयोगी पडेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा संवाद दोन वाहनांचा आहे, म्हणून दोघांकडेही पेटी असल्याशिवाय तो होत नाही. समजा रस्त्यावरच्या दर दहा गाड्यांपैकी एकीत पेटी आहे. तर समोरासमोर किंवा मागेपुढे येणाऱ्या दोन्ही गाड्यांत ती असण्याची शक्यता दहात एक नसून शंभरात एक आहे. निम्म्या गाड्यांत पेट्या बसल्या तरी चारपैकी तीन प्रसंगी यंत्रणा मुकीच राहते. अमेरिकेत नेमके हेच घडले. तिथल्या सरकारने १९९९ मध्येच वाहनांसाठी ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावात २०१२ पासून सुमारे २,८०० वाहनांवर मोठी चाचणी झाली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सर्व नव्या मोटारींना हे सक्तीचे करण्याचा प्रस्तावही आला. तरीही वाय-फायच्या घराण्यातली जुनी पद्धत घ्यावी की मोबाइलच्या घराण्यातली नवी, या वादात वर्षे गेली. दोन पद्धतींच्या पेट्यांना एकमेकींची भाषा कळत नाही, त्यामुळे दुसरा काय करतो हे पाहत प्रत्येक जण थांबून राहिला. २०२० मध्ये त्या पट्ट्यातले ४५ मेगाहर्ट्झ काढून घेऊन वाय-फायसाठी खुले करण्याचा निर्णय झाला आणि सक्तीचा प्रस्ताव २०२३ मध्ये मागे घेण्यात आला. युरोपात एका कंपनीने २०१९ मध्ये आपल्या लोकप्रिय मोटारीत ही सोय दिली, जपानमध्ये २०१५ पासून ७६० मेगाहर्ट्झवर काही गाड्या एकमेकींशी बोलतात, पण जिथे जिथे फक्त नव्या मोटारींपासून सुरुवात झाली तिथे बोलणाऱ्यांची संख्या तोकडीच राहिली. घरात एकट्याकडेच फोन असावा आणि गावात दुसऱ्या कोणाकडे नसावा, तशी ती पेटी होते, आणि अशा पेटीसाठी ग्राहक पैसे का मोजेल?

म्हणून मी उलट बाजूने सुरुवात सुचवितो. आपल्या रस्त्यांवर हळू चालणारी आणि उभी राहणारी वाहने कोणती, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे: ट्रॅक्टर-ट्रॉली, ऊस आणि संत्री वाहणाऱ्या गाड्या, रस्त्याचे काम करणारी यंत्रे, नादुरुस्त होऊन कडेला लागलेले ट्रक. या सर्वांवर केवळ संदेश पाठविणारी, म्हणजे ऐकण्याची आणि पडद्याची सोय नसलेली, स्वस्त पेटी सरसकट बसविली, तर एक बाजू पूर्ण होते. मग दहापैकी एका मोटारीत ऐकणारी पेटी असली तरी तिला वाटेत भेटणारी प्रत्येक ट्रॉली ऐकू येईल, म्हणजे शंभरात एक असलेली शक्यता एका फटक्यात दहात एक होईल. ऐकणारी पेटी घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून तिचा उपयोग दिसेल आणि त्याच्या पाहण्यातून दुसरा घेईल. जुन्या वाहनांना नवे काही बसविणे अवघड असते हे मला मान्य नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा तो कालच्या आणि वीस वर्षांपूर्वीच्या गाडीला सारखाच चिकटवला गेला, आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना नव्या सुरक्षा नंबरप्लेट लावून घेण्याची मोहीम आपल्या राज्यात आपण सर्वांनी पाहिली आहे. टोल आणि नंबरप्लेट यांसाठी जे जमले ते जिवासाठी जमवता येईल.

पेटी ट्रॅक्टरला न लावता ट्रॉलीला लावावी, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. धडक मागून बसते आणि मागे ट्रॉली असते. ट्रॅक्टरच्या स्थानावरून हिशेब केला तर ट्रॉलीची लांबी आणि तिच्याबाहेर आलेला माल हिशेबात येत नाही. शिवाय कित्येकदा ट्रॉली रस्त्याच्या कडेला सोडून ट्रॅक्टर पंक्चरवाल्याकडे जातो आणि नेमकी तेव्हाच ती सर्वांत धोकादायक असते. त्यामुळे पेटीला स्वतःची बॅटरी आणि वर हाताच्या पंजाएवढे सौर पॅनेल हवे. उभ्या वाहनाला सेकंदाला दहा वेळा ओरडण्याची गरज नाही. युरोपातल्या पद्धतीत वाहन हळू किंवा उभे असले की संदेशांची संख्या सेकंदाला एकपर्यंत खाली येते, तशीच सोय इथे ठेवली तर बॅटरी पुरेल. पेटी तुटक्या वायरवर अवलंबून नसावी. ट्रॉलीच्या वायरीचे काय होते, हे मी वर लिहिलेच आहे.

एक अडचण मात्र शहरात बसून यंत्रणा आखणाऱ्याच्या ध्यानात चटकन येणार नाही. आमच्या तालुक्यात कित्येक शेते थेट महामार्गाला लागून आहेत. रस्त्यापासून पंधरा-वीस मीटरवर ट्रॅक्टर वखरणी करीत असेल आणि त्याची पेटी संदेश देत राहिली, तर रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीत विनाकारण इशारा वाजेल. उपग्रहावरून मिळणाऱ्या स्थानात काही मीटरची चूक सहज असते. चार वेळा खोटा इशारा वाजला की पाचव्या वेळी चालक तो बंदच करून टाकतो. वखरणी करताना ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेली नसते, त्यामुळे असा संदेश जाणारच नाही, हा ट्रॉलीला पेटी लावण्याचा आणखी एक फायदा आहे, पण शेतात माल भरताना उभ्या ट्रॉलीचा प्रश्न तरीही उरतो. ऐकणाऱ्या पेटीत रस्त्याचा नकाशा असणे आणि वाहन गेल्या काही सेकंदांत रस्त्याच्या रेषेत चालले होते की आडवे-उभे फिरत होते हे तिने पाहणे, असा यावर उपाय आहे. पांदण रस्ता महामार्गाला जिथे मिळतो, तिथे तर असा नकाशा नसेल तर यंत्रणा गोंधळेल. या जागा सरकारी नकाशांत नीट नसतात, गावच्या माणसांना मात्र त्या पाठ असतात, म्हणून नकाशे करताना ग्रामपंचायतींना सोबत घ्यावे.

वाहतूक नियंत्रणासाठीही या यंत्रणेचा उपयोग आहे. शहरात तो सिग्नलचा हिरवा दिवा आणि रुग्णवाहिकेला वाट यांच्या रूपाने दिसेल, आमच्याकडे मात्र तो रांगेच्या शेपटीला होईल. कापसाचा भाव चढला की जिनिंगबाहेर ट्रॉल्यांची रांग लागते, काट्यावर नंबर यायला कधी एक दिवस, कधी दोन दिवस लागतात आणि रांगेचे शेवटचे टोक हळूहळू महामार्गावर येऊन थांबते. त्या टोकाला रात्रभर थांबलेल्या माणसाला झोप लागत नाही, कारण मागून येणारा ट्रक रांग पाहील की नाही हे त्याला ठाऊक नसते. रांगेतली शेवटची पेटी जो संदेश देते तो रस्त्यावरच्या इतर गाड्यांनी मागे-मागे सरकवत एक-दोन किलोमीटर अलीकडे पोचवला, तर मागून येणारे चालक वेळीच वेग कमी करतील. असे संदेश पुढे सरकवण्याची तरतूद युरोपच्या मानकांत आहेच.

आता लोकांच्या मनातल्या भीतीबद्दल. गावात कोणालाही विचारा, “गाडीला सरकारी पेटी लावायची” म्हटले की पहिला प्रश्न येतो तो चलनाचा. पेटीवरून वेग कळणार, वेगावरून दंड होणार, असे वाटले तर लोक पहिल्या आठवड्यात पेटी काढून घरी ठेवतील आणि मी त्यांना दोष देणार नाही. प्रत्यक्षात या संदेशात वाहनाचा नंबर किंवा मालकाचे नाव नसते. पेटीची तात्पुरती ओळख दर काही मिनिटांनी बदलत राहते, जेणेकरून कोणाला एखाद्या वाहनाचा दिवसभर माग काढता येऊ नये, आणि तरीही संदेश खरा आहे, कोणी खोडसाळपणे पाठविलेला नाही, हे अंकीय सहीवरून तपासता येते. हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले पाहिजे: या संदेशांचा वापर दंडासाठी होणार नाही. ते लिहिल्याशिवाय सक्ती करू नये. इशाराही मराठीत, ऐकू येईल असा आणि थोडक्यात हवा. मोटारसायकलीवर तो मीटरवरच्या लाल दिव्याने आणि मुठीच्या कंपनाने द्यावा, कारण चालत्या मोटारसायकलीवर वाचायला कोणी थांबत नाही. मोटारसायकलींच्या मोठ्या कंपन्यांचा एक आंतरराष्ट्रीय गट २०१६ मध्येच या विषयावर कामाला लागला. आपल्या देशात दुचाकी बनविणाऱ्यांनी यात मागे राहू नये.

या यंत्रणेने सर्व अपघात टळतील असे मी म्हणत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी गेले. त्या अपघातात दुसरे वाहन नव्हते, तिथे गाड्यांच्या संवादाचा उपयोग झाला नसता. अचानक आडवी येणारी रोही (नीलगाय) आणि रस्त्यावर बसलेली ढोरं यांच्याही गळ्यात पेटी नसणार. डोंगराच्या वळणामागे ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरी कमी पोचतात, म्हणून चिखलदऱ्याच्या घाटात रस्त्याच्या कडेला वेगळी पेटी लावावी लागेल. आणि बंडीबाबत बोलायचे तर आज तिला पेटीआधी रेडियमची गरज आहे. साट्याच्या, म्हणजे बंडीच्या सांगाड्याच्या, मागे आणि बैलांच्या शिंगांना रेडियम लावण्याची मोहीम दरवर्षी पोळ्याच्या आसपास घेतली तर खर्च नगण्य आहे. ट्रॉलीवरचे रेडियमही ताडपत्रीखाली झाकले जाणार नाही अशा जागी, म्हणजे फाळक्याच्या खालच्या दांडीवर आणि चाकांच्या मागे लावावे, एवढा साधा नियमसुद्धा आज कोणी पाळत नाही आणि तपासतही नाही. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरून कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानातून जी ट्रॉली घेतली जाते, तिच्यासाठी आजपासून रेडियमची आणि पुढे पेटीची अट घालणे शासनाच्या हातात आहे. अनुदानात पेटीची किंमत धरली तर शेतकऱ्यावर बोजा पडणार नाही.

माझी विनंती अशी आहे. रस्ते वाहतूक मंत्रालय आणि राज्याचा परिवहन विभाग यांनी ही यंत्रणा ठरवताना पहिली चाचणी विदर्भातल्या ज्या महामार्गावर ट्रॉल्या, मोटारसायकली, एसटी आणि मालट्रक एकत्र चालतात अशा रस्त्यावर घ्यावी. नागपूर-वर्धा-यवतमाळ हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ त्यासाठी योग्य आहे. वर्धा ते यवतमाळ या टप्प्यात कापसाच्या हंगामात, दिवाळीपासून होळीपर्यंत, ट्रॉल्यांवर बोलणाऱ्या पेट्या आणि एसटी व काही ट्रकांवर ऐकणाऱ्या पेट्या बसवाव्यात. किती इशारे खरे निघाले आणि किती खोटे, हे जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांतून जाहीर करावे आणि मग पुढचा निर्णय घ्यावा. दोन पद्धतींपैकी कोणती घ्यायची हेही सरकारने आधीच एकदा ठरवून टाकावे, म्हणजे अमेरिकेसारखी वीस वर्षे वाया जाणार नाहीत.

या चाचणीसाठी माझी ट्रॉली द्यायला मी तयार आहे. तिची वायर मी जोडून घेतली आहे आणि मागचा दिवा आता ताडपत्रीच्या खाली येणार नाही असा बाहेर काढून बसवला आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. कळंब, जि. यवतमाळ